नाना, यादीत माझं नाव का?

आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष नाना आणि समितीतल्या सगळ्या काका-दादांना,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायला हात धजला नाही.

तुम्ही केलेली यादी मी पाहिली. दाखवली कुणी नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला गेलो, तर मशीनच्या काचेवर तिची एक प्रत विसरलेली होती. वर मथळा, 'तिशी ओलांडलेले अविवाहित पुरुष'. खाली नाव, वय, वावर किती, व्यसन आहे का, मोबाइल नंबर. माझ्या नावापुढं व्यसनाच्या रकान्यात 'नाही' लिहिलंय, तेवढं खरं लिहिल्याबद्दल आभार. यादी बीट जमादाराकडं गेल्याचं पोलीस पाटलानं नंतर कबूल केलं, तेही इकडंतिकडं बघत.

कारण मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर शाळेतून येणाऱ्या दोन पोरींच्या मागं फाट्यापासून कुणी दोघांनी मोटारसायकल लावली, घाण बोलले. गाडीवर कोण होतं ते अजून सापडलेलं नाही. फाट्यावरच्या दुकानाचा कॅमेरा बघायला गेलेल्यांत मीही होतो. ज्यांनी हे केलं त्यांना धरा, ठाण्यापर्यंत तुमच्यासोबत येतो. पण बैठकीत एकानं तोंड उघडलं, "ज्याईचे लग्नं नाही झाले त्याईच्यावर नजर ठेवा बाप्पा, उपाशी माणूस काहीबी करते," आणि तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. यादी त्या माना हलवण्यातून निघाली.

हे वाक्य आमच्या आईला नळावर कळलं. तिनं ते पोटात ठेवलं आणि मग एका सकाळी भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता विचारलं, "तुले पोलिसानं बलावलं तं नाही ना रे?" आयुष्यात ठाण्याची पायरी न चढलेल्या घरातल्या बाईवर हा प्रश्न विचारायची वेळ तुम्ही आणलीत. माझा राग तिथला आहे.

मी कोण ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र उघडं आहे, इतरही वाचतील. वय ३७. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. समाजशास्त्रात एम.ए. केलं, पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससीच्या परीक्षा दिल्या, बाबांच्या अंगावरून वारं गेल्यावर परत आलो. लग्न झालेलं नाही. ठरवून राहिलो असं नाही, जमलं नाही. तुमच्या थोरल्या सुनेला भर पावसात रात्री चिखलीला न्यायचं होतं तेव्हा नाना, तुमचा फोन मला आला होता. मागच्या सीटवर ती कण्हत होती आणि काकू तिचा हात धरून बसल्या होत्या. गाडी चालवणाऱ्याचं लग्न झालंय का, हे त्या रात्री कुणाच्याच मनात आलं नाही. पंगतीत वाढायला, मांडव घालायला, प्रेत उचलायला आम्ही चालतो. हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादात ट्रॅक्टरवरून पुरी आणि वांग्याची भाजी वाढणाऱ्यांत आपल्या गावचं पथक असतं, त्यात निम्मे तुमच्या यादीतले आहेत. (ज्यांची जयंती ते स्वामीजीही बिनलग्नाचेच. त्यांनी ते स्वतः स्वीकारलं होतं, आमच्यावर ते आलंय, हा फरक मला कळतो.)

आणि तुमचा धाकटा? माझ्याहून थोडा लहान, पुण्यात कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला. त्याचंही जमलेलं नाही. त्याचं नाव यादीत नाही. तो गावात राहत नाही, असं म्हणाल. चिडू नका, त्याचं नाव घाला असं मी म्हणत नाही. भला पोरगा आहे. माझ्याबद्दलही तुम्ही हेच म्हणाला असता, माझ्या बापाकडं पुण्यात एक खोली असती तर.

आता मुद्द्याचं. बैठकीत जे बोललं गेलं त्याला पारावरची बडबड म्हणून मी उडवून लावणार नाही. त्यावर जगात मोठमोठी माणसं लिहून गेली आहेत. व्हॅलरी हडसन आणि अँड्रिया डेन बोअर या दोघींचं एक पुस्तक २००४ साली आलं. चीन आणि भारतात मुली पाडल्यामुळं जे पुरुष बिनलग्नाचे उरतील, ते समाजाला धोक्याचे ठरतील, असा त्याचा रोख. चीनमध्ये अशा माणसाला उघडी फांदी म्हणतात, जिला पालवी फुटणार नाही. दुष्काळ आणि मुली मारण्याची चाल या दोन्हींनी पोखरलेल्या मुलखात १९व्या शतकात नियन लोकांचं बंड झालं, त्याचा दाखला त्या देतात. पुढं लीना एडलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनच्या प्रांतांतली १९८८ ते २००४ ची आकडेवारी तपासली. बायकांच्या मानानं तरुण पुरुषांचं प्रमाण एका टक्क्यानं वाढलं की चोऱ्या आणि हाणामाऱ्या सुमारे तीन टक्क्यांनी वाढतात, असं त्यांना दिसलं. अभ्यास पक्का आहे. समाजशास्त्र शिकलेला माणूस म्हणून तो मला नाकारता येत नाही, आणि यादीतला माणूस म्हणून तो वाचताना घशाशी येतं.

पण नाना, आपल्याकडचाही एक अभ्यास आहे. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी भारतातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले खून मोजले. २००० साली ते छापून आलं. गरिबीचा आणि खुनांचा त्यांना ठळक संबंध सापडला नाही. शिक्षणानं खून कमी होताना दिसले. आणि जिथं पुरुषांच्या मानानं बायका कमी, तिथं खून जास्त, हे फार स्पष्ट दिसलं. इथवर ते तुमच्या बाजूचं वाटेल. पण त्यांनी पुढं एक शक्यता मांडली आहे, ती वाचा. बायका कमी असल्यामुळं पुरुष बिथरतात, असंच असेल असं नाही. जी घरं मुलीला नकोशी मानतात, त्याच घरांत भांडण हातानं मिटवायची रीत असते. बायका कमी होणं आणि खून जास्त होणं या दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर शिजलेल्या असू शकतात.

ही चूल कुणाची, ते बोलू.

२०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८५५. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्याच ९०८ होत्या. राज्याचा आकडा ८९४. निसर्ग साधारण साडेनऊशे देतो. म्हणजे हजार पोरांमागं शंभरेक पोरी कुठं गेल्या, याचा हिशेब जिल्ह्याला द्यायचा आहे. तो हिशेब आमच्या यादीत शोधू नका. १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा झाला. कायदा कागदावर असताना गाड्या भरभरून तालुक्याला जात होत्या. त्या गाड्यांत तिशी ओलांडलेले अविवाहित पुरुष नव्हते. सगळे संसारी होते. मागं सासू, पुढं नवरा, मध्ये गप्प बसलेली बाई. दर १२ जानेवारीला त्याच घरांतली माणसं पहाटे सिंदखेडराजाला जाऊन जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकून येतात. मीही जातो.

आमच्या घरातलं सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरातलं सांगायचा मला अधिकार नाही. मला सख्खी बहीण नाही. धाकट्या भावाच्या आधी एक होणार होती. आईनं हे मला एकदाच सांगितलं, पऱ्हाटीत कापूस वेचताना, ओंजळ भरून कमरेच्या ओटीत टाकत. "तपासून आणलं, पोरगी निंघाली, तं तुह्या आजीनं म्हटलं आता नको." एवढंच म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली. तुम्ही त्या वेळी आमच्या घरच्या बैठकीत होतात की नाही, मला ठाऊक नाही. असावेत. भाऊबंदकीतल्या अशा कामांना तुमच्याशिवाय पान हलत नसे.

हिंसेची यादी करायची असेल तर त्या वर्षापासून करा. पहिली हिंसा तिच्यावर झाली. तिच्यानंतर बिनलग्नाचे राहिलेले आम्ही आज जमादाराच्या वहीत.

आता एक गोष्ट मी माझ्याच विरोधात सांगतो, नाहीतर पत्र लबाडीचं होईल. माझं लग्न न जमण्याचं खापर मी त्या ८५५ वर फोडू शकत नाही. २०११ ला सहा वर्षांच्या आत असलेली पोरं आता कुठं मिसरूड फुटायच्या वयात आली आहेत. त्यांच्या लग्नाचा बाजार अजून भरायचाय. माझ्या वयाच्या मुली कमी होत्या, पण इतक्याही कमी नव्हत्या. त्या गेल्या कुठं? पुणे, मुंबई, संभाजीनगर, नाशिक. पगारदारांकडं. घाटावर काय आणि घाटाखाली काय, एकच ऐकू येतं, 'शेतकरी नको'. बापही शेतकरीच असतो, आणि शेतकरी नको म्हणताना त्याचा आवाज सगळ्यात पक्का असतो.

लोणारकडं एक मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, बाबांची चौकशी झाली, मग मोठ्या माणसांनी आम्हाला दोघांना ओसरीवर पाच मिनिटं बोलायला सोडलं. डी.एड. झालेली होती. माझे छंद वगैरे विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. म्हणाली, "ज्या वर्षी सोयाबीनला भाव मिळत नाही, त्या वर्षी काय करता?" मी म्हणालो, उसनवारी, सोसायटीचं नवं-जुनं, थोडं मजुरीचं काम. ती म्हणाली, "माझ्या बाबांनी पण हेच केलं, दरवर्षी." तिनं ते हळूच म्हटलं, हिणवून नाही. पदराला लागलेला पोह्याचा दाणा तिनं बोटानं काढला आणि आत गेली. नकार संध्याकाळी फोनवर आला, मला तो ओसरीवरच कळला होता. तिचा राग मला आला नाही. तिनं लावलेला हिशेब बरोबर होता. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि बाजार समितीत बहुतेक माल त्याच्या खाली विकला गेला. तुमचाही गेला, माझ्यासमोर काट्यावर.

भावाचं हे दुखणं जुनंच, म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात बुलढाण्यात सोयाबीन-कापसासाठी एल्गार मोर्चा निघाला तेव्हा मी गेलो. त्याच्या आदल्या वर्षी, २१ डिसेंबर २०२२ ला, सोलापुरात निघालेल्या मोर्चाला मात्र मी गेलो नसतो. ज्योती क्रांती परिषदेच्या रमेश बारसकरांनी काढलेला तो मोर्चा तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला आणि पोट धरून हसलात. बिनलग्नाची पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर गेली. एक मागणी गर्भलिंग निदानाचा कायदा कडक करा, ही. दुसरी, आम्हाला बायको मिळवून द्या. पहिलीवर मी हजारदा सही करीन. दुसरीत मला लाज वाटते. बायको म्हणजे बियाणं नव्हे, की सरकारनं अनुदानावर वाटावं. हरियाणानं तर २०२३ ला ४५ ते ६० वयाच्या बिनलग्नाच्यांना महिन्याला २७५० रुपयांची पेन्शन सुरू केली. ती बायकांनाही आहे हे बरं. आपल्याकडं मागायची का, असं पारावर पोरं विचारत होती. मी म्हटलं, आधी यादीत नाव टाकून घ्या, वयाचा पुरावा आपोआप होईल.

हसू नका नाना, राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ज्या भीतीपोटी ही यादी केलीत, तिच्या मुळाशी एक समजूत आहे की बायको मिळाली की पुरुष निवतो. मग हिंगणघाटचं सांगा. ३ फेब्रुवारी २०२० ला सकाळी एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. एकतर्फी प्रेम, वर्तमानपत्रांनी लिहिलं. पेटवणारा विवाहित होता. घरी बायको होती, लहान मूल होतं. ती मुलगी आठवडाभर झुंजून गेली आणि दोन वर्षांनी, तिच्या स्मृतिदिनीच, त्याला जन्मठेप झाली. कुठल्या गावच्या कुठल्या समितीच्या यादीत तो बसला असता? देशाच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय विभागाचा २०२२ चा अहवाल बघा. बायकांवरच्या अत्याचाराचे ४,४५,२५६ गुन्हे, त्यातले सगळ्यात जास्त, जवळजवळ ३१ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचे. हे नोंदवलेले. आपल्या गावात रात्री नऊनंतर कुठल्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येतो, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्या घरांचे निवाडे तुमच्याच समितीनं केले. "नांदायला धाडा" म्हणून बाईची समजूत काढली आणि तंटा मिटला अशी नोंद केली. महात्मा गांधींच्या नावाची मोहीम आहे ती, २००७ पासूनची. त्या घरांतल्या एकाही पुरुषाचं नाव जमादाराकडं गेलं नाही.

तरीही मला 'आमच्यातले सगळे देव' असं म्हणायचं नाही. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला जाळलं ते नकार न पचलेल्या पोरानंच. २०१४ ला कॅलिफोर्नियात एकानं सहा माणसं मारली आणि मुलींनी मला नाकारलं म्हणून सूड घेतोय असं मागं सांगून गेला. त्याला गुरू मानणाऱ्या दुसऱ्यानं २०१८ ला टोरांटोत फुटपाथवर व्हॅन घालून अकरा जणांचा जीव घेतला. हे सातासमुद्रापलीकडचं, आपल्याला काय, असं वाटेल. संध्याकाळी पाराजवळ बसा. पोरांच्या हातात मोबाइल, त्यात कुणीतरी गाडीत बसून सांगतोय की पोरी पैशावर भाळतात, त्यांना धाकात ठेवावं लागतं. हिंदीत, मराठीत, आता तर अस्सल वऱ्हाडीतसुद्धा. परवा एक जण, तेवीस-चोवीसचा, मला म्हणाला, "भाऊ, तुमच्यासंगं पोरीईनं असं केलं, तुमाले राग नाही येत का?" मी त्याला लोणारच्या त्या मुलीचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग भाव कोण पाडते?" या प्रश्नावर तासभर बोलता आलं. तुमच्यापैकी कुणी तिथं येऊन बसतं का? तुम्ही यादीसाठी त्याचा नंबर घ्यायला माणूस पाठवलात. अजून तिशी झालेली नाही म्हणून तो वाचला.

पुण्यातल्या सदाशिव पेठेचंही आठवा. २७ जून २०२३. एक पोरगा कोयता घेऊन ओळखीतल्या मुलीच्या मागं भर रस्त्यात धावला, लोक बघत राहिले. मध्ये पडून तो कोयता अडवणारे लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील कोण होते? स्पर्धा परीक्षा देणारी, खेड्यातून आलेली, अजून हाताला काही न लागलेली पोरं. अगदी त्याच गल्ल्यांत मी राहिलोय. तुमच्या रकान्यांत भरलं तर कोयतावाला आणि कोयता धरणारा एकाच ओळीत येतील, आणि तुमची यादी त्यांच्यात फरक करू शकणार नाही.

आणि मुलींच्या टंचाईचा खरा मार कुणावर पडतो ते तुम्ही पाहिलंय. आपल्या शेजारच्या वस्तीत दलालामार्फत बाहेरून आणलेली ती बाई. घरच्यांनी दोन एकर गहाण टाकून पैसे मोजले म्हणतात. तिला आपली भाषा येत नव्हती. लोक म्हणायचे पळून जाईल, म्हणून तिला एकटीला विहिरीवरही पाठवत नसत. अशा टोळ्या आहेत, लग्न लावून दागिने घेऊन पळणाऱ्या, हेही खरं. पण ती पळाली नाही, आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही संसारी माणूस म्हणून सत्यनारायणाला बसवलंत. मला आलेल्या तशा स्थळाला मी नाही म्हटलं तेव्हा "लई शिकला म्हणून माजला" असं तुमच्यातलंच एक जण बोललं.

बुलढाण्याच्याच ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' तुम्हाला माहीत असेल, निदान नावानं. वडील बापूजी हरी शिंदे, बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, सत्यशोधक. १८८१ मध्ये सुरतेला एका विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच नीतीवर शिंतोडे उडू लागले. त्यावर चिडून १८८२ साली त्यांनी ते लिहिलं. बायकांच्या अंगी म्हणून जे दुर्गुण सांगता ते तुमच्यातच किती आहेत ते बघा, असा पुरुषांना रोखठोक सवाल. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले, बाकी जगानं टिंगल केली, आणि १९७५ ला संशोधक मालशांनी पुन्हा छापेपर्यंत पुस्तक बरंचसं विसरलं गेलं. एका बाईच्या खटल्यावरून सगळ्या बायकांना पिंजऱ्यात उभं करू नका, म्हणून त्या भांडल्या. दोन अनोळखी मोटारसायकलवाल्यांवरून आम्हाला पिंजऱ्यात उभं केलंत, तर मीही त्याच पानावर बोट ठेवून भांडणार. पुरुषानं त्यांचं पुस्तक आपल्या तक्रारीसाठी वापरावं, हे ताराबाईंना कितपत रुचलं असतं देव जाणे. बहुधा त्यांनी मला आधी विचारलं असतं, की तुझ्या आईला त्या दिवशी कुणी विचारलं होतं का?

म्हणून माझं मागणं असं.

ती यादी जमादाराकडून परत घ्या, आणि परत घेतल्याचं बैठकीच्या वहीत लिहा. माझ्या आईला तुम्ही स्वतः येऊन सांगा, निरोप पाठवू नका. शाळेच्या वेळेला फाट्यावर माणूस उभा राहायला हवा आहे, तर पाळ्या लावा, त्यात माझं नाव पहिलं टाका आणि संसारी माणसांचीही टाका. तालुक्यात तपासणीला कोण नेतं, कुठं नेतं, हे सगळ्या गावाला माहीत असतं, त्याची माहिती द्यायची तयारी समितीनं दाखवावी.

आणि नजर ठेवायची यादी हवीच असेल, तर ती तुम्ही करू नका. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. आपल्याकडं ती कागदावरच होते, सह्या घरोघर फिरून घेतात. यंदा ती खरी घ्या. पुरुषांना बाहेर ठेवा, सरपंचबाईंच्या नवऱ्यालासुद्धा. त्या दोन पोरींना आणि त्यांच्या आयांना बोलवा, बाहेरून आणलेल्या त्या बाईला बोलवा, नांदायला परत धाडलेल्यांना बोलवा. गावात आणि घरात कुणाची भीती वाटते, एवढंच विचारा आणि त्या सांगतील ती नावं लिहून घ्या. त्यात माझं नाव आलं तर मी जमादाराकडं स्वतःच्या पायांनी जातो. तसा लेखी अर्ज मी ग्रामपंचायतीत देऊन पोच घेतली आहे. विषयपत्रिकेत तो कितव्या क्रमांकावर घेताय तेवढं कळवा.

आपला,
यादीतला एक